दिसणार नाही असं काम

११ जानेवारी

प्रिय मामा,

तर रंगाला मी अजिबात हात लावणार नाही. हेच सांगत होते, तेवढ्यात तू म्हणालास, फोनवर माणूस नुसता हो हो करतो, काय ते नीट लिहून कळव, आणि फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. माझ्या मराठीला हसायचं नाही. शाळेत मराठी म्हणजे आमच्यासाठी पीटीसारखा विषय होता, पाऊस पडला की रद्द.

तुझी म्हातारी सुखरूप पोचली. बेकरीच्या मागचं शेड मी भाड्याने घेतलंय ना, तिथे ठेवलीय. बेकरीवाला पिठाच्या हातांनी बॉनेट कुरवाळायला निघाला होता, त्याला मी लांबूनच थांबवलं. तो म्हणाला, मी फक्त नमस्कार करत होतो.

मामा, काय जपलीयस रे. माझ्या आईपेक्षा मोठी गाडी, आणि एक नट बाहेरचा नाही. गोल दिवे, जुन्या दातांसारखं पिवळट झालेलं स्टीअरिंग, डॅशबोर्डवरचं घड्याळ, सगळं तेच. अशा गाड्यांचं लोक दोन प्रकारे वाटोळं करतात. एक तर कापड घालून झाकून ठेवतात, म्हणजे ती गाडी न राहता कपाट होते. नाहीतर रुंद टायर, निळे दिवे, मागे फ्रिजएवढा स्पीकर. मला यातलं काहीच नकोय. मला ती रोज चालायला हवीय, आणि बघणाऱ्याला वाटायला हवं की कालच शोरूममधून आली.

म्हणून माझा एकच नियम. डोळ्यांना दिसेल असा एकही बदल करायचा नाही. जे करायचं ते आतून.

ब्रेक तर बदलावेच लागतील. तुझे ब्रेक म्हणजे सरकारी ऑफिसात अर्ज केल्यासारखे आहेत, दाबायचे आणि उत्तराची वाट बघायची. सीटबेल्ट हवेत. इग्निशन नवीन, म्हणजे सुरू होताना खोकणार नाही, पण जुन्याच टोपीखाली. बाकी दारांची रबरं, सीटच्या आतलं, असं बारीकसारीक.

चालेल ना? गुडघ्यांमुळे तुला क्लच दाबवत नाही, हे मी मान्य केलंय. पण शेजारच्या सीटवर बसायला गुडघे लागत नाहीत. गाडी झाली की तुला फिरवणार. त्याशिवाय मी ती माझी म्हणणार नाही.

तुझी,
ठिणगी

---

२० जानेवारी

ठिणगे,

मी बोलतोय आणि तुझी मामी लिहितेय. माझं अक्षर हल्ली वाचण्यासारखं राहिलं नाही.

(यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. नकाशे काढणाऱ्या माणसाचं अक्षर कसं असणार? पण असो. मामी)

तुझा नियम आवडला. नोकरीत आमचा असाच होता. रेघ जागेवर असली की पेन्सिल कुठली वापरली हे कुणी विचारत नाही. तेव्हा जे दिसत नाही ते खुशाल बदल. माझी परवानगी आहे.

फक्त म्हातारीशी जरा गोडीत वाग. ती मी एका डॉक्टरकडून घेतली होती. तो म्हणाला, हिला सकाळी घाई केलेली चालत नाही. मला वाटलं विकायच्या आधीची थाप असेल. नंतर कळलं, खरंच आहे. त्याच आठवड्यात तुझ्या मामीला घेऊन पहिल्यांदा फिरायला निघालो तर बाईसाहेब चौकात बसल्या. तुझी मामी खाली उतरून फुटपाथवर जाऊन उभी राहिली, जशी काही माझी ओळखच नाही.

(नव्हतीच. नवीन लग्न, नवी साडी, आणि मागे बसवाला कर्कश भोंगा वाजवतोय. तेव्हापासून मी तिला सवत म्हणते. मामी)

ताईला सांग आम्ही मजेत आहोत. काही लागलं तर कळवू. तिने उठून यायची गरज नाही.

तुझा मामा

---

२ मार्च

प्रिय मामा,

झाली रे. म्हणजे जवळजवळ झाली. सोबत फोटो पाठवतेय, मोठे छापून घेतलेत, म्हणजे तुला तुझ्या त्या भिंगातून बघता येतील.

ब्रेक आता असे लागतात की बेकरीवाला पुढच्या काचेवर नाक आपटता आपटता वाचला. (त्याला एक चक्कर मारून आणली, त्याशिवाय शेडचं भाडं वाढवणार होता.) आणि बाहेरून चाकं जशीच्या तशी. गिअरबॉक्स उघडून घेतला. दुसऱ्या गिअरला जी शिट्टी वाजायची ना, गिअरवाले काका म्हणाले, ते दात झिजल्याचं लक्षण आहे. शोधून शोधून त्याच मापाचा गिअर मिळवला. आता दुसरा गिअर म्हणजे लोणी, पडला तरी कळत नाही. दारांना नवीन रबर लावलं. आधी दार लावलं की स्वयंपाकघरात डबा पडल्यासारखा आवाज यायचा, आता नुसतं थप्प.

घड्याळ तर बघच. डबडं दिवसाला अर्धा तास मागे पडायचं आणि वर टकटक टकटक. चेहरा तोच ठेवला, आत नवीन मशीन बसवलं. वेळ बरोबर, आवाज शून्य. सीटमध्ये काथ्या भरलेला होता, त्याचा पार भुगा झाला होता. फोम घातला. कव्हर जुनंच, आणि शिवण त्याच भोकांतून घातलीय, सीटवाला माझ्यावर वैतागला होता. पायाखाली जाड लोकरीचा नमदा टाकलाय, त्यामुळे इंजिनाचा आवाज आत येत नाही.

आता गंमत. फोटो बघ आणि काय बदललंय ते ओळख. तुला एक जरी गोष्ट सापडली तर मी हरले. शेवटचा फोटो जरा नीटच बघ.

ठिणगी

---

१२ मार्च

ठिणगे,

फोटो मिळाले. बघितले. म्हातारी जशीच्या तशी आहे, काही सापडलं नाही. तू जिंकलीस. शेवटचा फोटो तर सगळ्यात सुंदर आलाय, तो मामीने फ्रेम करून लावू या म्हटलंय.

ब्रेकचं काम चांगलं झालं. तेवढं एक माझ्या हातून राहूनच गेलं होतं.

तुझा मामा

---

१९ मार्च

मामा,

शेवटच्या फोटोत मी स्टीअरिंगला गुलाबी केसाळ कव्हर घातलं होतं. मागच्या डिकीवर प्लॅस्टिकचे पंख चिकटवले होते, आणि काचेवर लाल अक्षरांत 'स्पीड क्वीन'. सगळं बेकरीवाल्याच्या पावाच्या टेम्पोवरून उसनं आणलेलं. चेष्टा होती. मला वाटलं होतं तू फोन करशील आणि कानाला हात लावायला लावशील. लहानपणी मी मागच्या काचेला बदकाचं एक स्टिकर लावलं होतं तर तू मला गाडीच्या सौंदर्यावर केवढं लेक्चर दिलं होतंस.

आणि आता म्हणतोस, सगळ्यात सुंदर आलाय, फ्रेम करू या.

तू फोटो बघितलेच नाहीस ना? पाकीट फोडून बाजूला ठेवलंस. मला राग नाही आला, वाईट वाटलं. गाडी देऊन टाकली, विषय संपला, असंच असेल तर तसं सांग ना. मी उगाच इतके महिने सुट्टीच्या दिवशी नखांत ग्रीस घालून बसलेय. मी हे तुझ्यासाठी करत होते रे.

ठिणगी

---

२८ मार्च

अगं ठिणगे,

हे पत्र मामांचं नाही, माझं आहे. ते झोपलेत. टपालात टाकलं की त्यांना सांगणार आहे, आधी सांगितलं तर टाकू देणार नाहीत.

तुझ्या मामांना दिसत नाही. गुडघ्याचं काही नाही, गुडघे ठणठणीत आहेत, जिना माझ्याआधी चढतात. काचबिंदू आहे. हा रोग कडेकडेनं आत येतो म्हणे. यांना आधी नकाशाच्या कागदाचे काठ दिसेनासे झाले, त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. मग एक दिवस गाडी चालवताना शेजारून आलेला सायकलवाला दिसलाच नाही. तो वाचला, पाय घसटत उभा राहिला आणि यांना यथेच्छ शिव्या दिल्या. हे घरी आले, गाडी लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि तुला फोन केला, गुडघे दुखतात, गाडी घेऊन जा. पावसाळा संपेस्तोवर मधलंही गेलं. शेड मिळाल्यावर तू गाडी न्यायला आलीस, तेव्हा हे खुर्चीतून उठलेच नाहीत, गुडघ्यांचं निमित्त होतंच. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही.

तुझ्या आईला कळलं तर ती आम्हाला उचलून तिच्या घरी नेईल. यांना ते नको आहे. या घरात कुठे काय आहे ते यांना पाठ आहे, नव्या घरात दाराला आपटत फिरावं लागेल. म्हणून सगळी लपवाछपवी.

फोटो मी बघते आणि यांना सांगते. तो शेवटचा मी चष्मा पुसून परत बघितला. मला वाटलं खरंच केलंस तसं. यांना कसं सांगू की तुमच्या गाडीला पंख लावलेत? म्हणून म्हटलं, सगळ्यात सुंदर हाच आलाय. ते किती वेळ तो फोटो हातात धरून बसले होते.

ते गाडीला विसरलेत असं मनातसुद्धा आणू नकोस. रोज संध्याकाळी चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि म्हातारीला घेऊन निघतात. खोटं नाही सांगत. दार लावतात, ती खोकते, मग सुरू होते. दुसरा गिअर, पूल, चढ, वळण. मला शेजारी बसावं लागतं. कुठे काय दिसतंय ते सांगत जातात, रंगासकट. कधी कधी वाटेत थांबवून मला शेंगा घेऊन देतात. एवढा वेळ त्यांना दिसतं, ठिणगे. बाकीचा दिवस कसातरी काढतात.

आता तू ठरव काय करायचं ते.

मामी

---

३ एप्रिल

मामा आणि मामी,

मामी, हे त्याला वाचून दाखव. मामा, मी मूर्ख आहे. पुढचं बोलणं भेटल्यावर.

गुलाबी कव्हर चेष्टा होती, मामीने तुला ती सांगितली नाही कारण तुला त्रास होईल असं तिला वाटलं. तिच्यावर चिडू नकोस. आईला मी काही सांगणार नाही, तू म्हणेपर्यंत.

मी येत्या रविवारी गाडी घेऊन येतेय. खुर्चीतून कशाला, खरी म्हातारी घेऊन जाऊ. पूल, चढ, वळण, सगळं. बाहेरून ती तीच आहे, हात लावून बघ. आणि आतून आता इतकी मऊ आणि शांत झालीय की तुला पाण्यावरून गेल्यासारखं वाटेल. बरं झालं मी आधीच सगळं करून ठेवलं.

ठिणगी

---

२४ एप्रिल

ठिणगे,

तू रडत गेलीस आणि मी जिना चढून वर आलो, तेव्हा बोलायचं राहिलं ते आज सांगतो. मामीला ताकीद दिलीय, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही आणि लिहून झालं की सगळं वाचून दाखवायचं.

(नाही करत. मामी)

त्या दिवशी मी लग्नाला निघाल्यासारखा तयार झालो होतो. खाली आलो, बॉनेटवर हात ठेवला. मधली पट्टी, दोन्ही दिवे, हँडलची सैल पडलेली कडा. म्हटलं, आली माझी म्हातारी. मग आत बसलो आणि दार लावलं.

ते दुसऱ्या कुणाचं तरी दार होतं. वाटलं नीट लागलं नसेल, म्हणून उघडून परत लावलं. पुन्हा तसंच, थप्प. सीटवर बसलो तर मी वरच राहिलो. माझी सीट मला आत घ्यायची, एका बाजूला कुरकुरायची. वास नव्हता. काथ्याचा, पेट्रोलचा, जुन्या रेक्झिनचा, काहीच नाही, चपलांच्या नव्या दुकानात बसल्यासारखं. तू किल्ली फिरवलीस आणि ती लगेच सुरू झाली. माझी कधीच लगेच सुरू झाली नाही. तरी धीर धरला. म्हटलं, दुसरा गिअर पडू दे. घरचं माणूस यायची वाट बघावी आणि दारावरून कुणीतरी तिऱ्हाईत निघून जावं, तसा तो गिअर गेला. तुझा हात हलला म्हणून कळलं. घड्याळ लागतं का म्हणून कान दिला, तिथेही काही नाही.

तेव्हा माझ्या मनात आलं, या दोघींनी गाडी विकली. किंवा पोरीच्या हातून कुठेतरी आपटली, भंगारात गेली, आणि आता तशीच दुसरी कुणाकडून तरी मागून आणलीय. आंधळ्याला काय कळतंय. असं मनात येणं बरं नव्हे, पण आलं खरं. मामीने तो फोटो मला सुंदर म्हणून सांगितला होता ना. तेव्हापासून ती काही वाचायला लागली की मी शब्दांपेक्षा ती कुठे थांबते तेच ऐकतो.

म्हणून मी तुला विचारलं, "कुणाची गाडी आहे ही?"

तू हसलीस. मी म्हटलं, "गाडी छान आहे. मालकाला तसं सांग. पण माझीचं काय झालं ते मला सांग, मी ऐकून घेईन."

मग तू ब्रेक दाबलास. काय सुंदर लागले ते, हे मला तेव्हाही कळलं. तू मला खाली उतरवलंस, बॉनेट उघडून माझं बोट धरून इंजिनावरच्या नंबरावरून फिरवलंस. आकडे मी वाचले. माझेच होते. तेव्हा आता मी मानतो की ती माझीच गाडी आहे. नोकरीत मी कितीतरी नद्या काढल्या, मोजणी करणाऱ्यांनी पाठवलेल्या आकड्यांवरून. नदी तिथेच आहे हे मी मानायचो. त्यातली एकही मी पाहिलेली नाही. तसं मानतो.

तुझं काही चुकलं नाही. परवानगी मी दिली. ती देताना मलाही वाटत होतं की गाडी ही बघायची वस्तू आहे. डोळे गेलेले होते, आणि तरीही मला तसंच वाटत होतं.

तुझा मामा

---

३० एप्रिल

प्रिय मामा,

पत्र बेकरीच्या पायरीवर बसून वाचलं. मग शेडमध्ये गेले आणि त्या दाराशी उभी राहून ते कितीतरी वेळा उघडलं, लावलं. मला ते थप्प इतकं आवडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते लावून दाखवायचे.

पण ऐक, हे उलटं करता येईल. मी काहीच फेकलेलं नाही. जुना गिअर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय, घड्याळाचं मशीन आहे, इग्निशनचे जुने भाग आहेत. काम करतानाच ठरवलं होतं, परत मागे जाता येणार नाही असं काही करायचं नाही. फक्त काथ्या सीटवाल्याने झाडून कचऱ्यात टाकला, तो गेला. पण नवीन आणता येतो.

ब्रेक आणि बेल्ट राहतील, बाकी सगळं परत जसंच्या तसं. सोमवारपासून सुरू केलंय. गिअरवाले काका म्हणाले, चांगला गिअर काढून झिजलेला बसवायला आलेली तू पहिलीच, घरी कुणाशी भांडण झालंय का. मी म्हटलं, हो.

तू फक्त मला आवाज सांग. एक एक. खोकायची किती, कुरकुर कुठल्या बाजूला, शिट्टी कधी चढायची. मी तशी करते. करून दाखवते, बघ तू.

ठिणगी

---

२ जून

ठिणगे,

तू पत्रं पाठवतेस, फोन करतेस, आणि आम्ही गप्प. माफ कर. हे म्हणत होते, लिहू नकोस, पोर आशेने कामाला लागलीय. पण आता लपवायचं नाही असं आमचं ठरलंय, म्हणून लिहिते. ते इथेच बसलेत.

तू आवाज विचारलेस, म्हणून ते आठवायला बसले. आणि तेव्हा कळलं की संध्याकाळचं फिरणं बंद झालंय.

तुझ्या त्या रविवारनंतर मला वाटलं, मन लागत नसेल, होईल हळूहळू. चहा झाला की खुर्चीत बसायचे, पण निघायचे नाहीत. मीच एकदा म्हटलं, चला की, आज पुलापर्यंत जाऊन येऊ. त्यांनी प्रयत्न केला. मग म्हणाले, "दार लावलं की तिचं दार लागतं गं."

म्हणजे तुझं. ते थप्प. त्याच्या पुढे जाताच येत नाही त्यांना. जुनं दार कसं वाजायचं ते शब्दांत सांगतात, डबा पडल्यासारखं, पण ते तर तुझ्याच पत्रातले शब्द आहेत. कानात येत नाही म्हणतात. शिट्टीसुद्धा. आणि ते आलं नाही की पुढचा पूल दिसत नाही, चढ दिसत नाही.

तुला दोष देत नाहीत, खरंच नाही. परवा म्हणाले, पोरीने गाडी फार मनापासून केलीय. आता खिडकीशी बसतात आणि बसथांब्यावरच्या बसेस ऐकतात. कुठल्या नंबरची आली ते मला विचारतात. मी खाली वाकून बघून सांगते.

मी इतकी वर्षं तिला सवत म्हणत आले. तिला घेऊन जाताना तू वळणावर हॉर्न दिलास, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, सुटले एकदाची. आता संध्याकाळी त्या खुर्चीशेजारी बसते आणि मलाच करमत नाही.

मामी

---

१० जून

मामा, मामी,

मामी, हे मोठ्याने वाच. मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस, वाईट वाटलं तरी.

काम अर्धं झालंय. जुना गिअर परत बसवला आणि काल गाडी कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर नेली. शिट्टी वाजली, मामा. मी इतकी खूश झाले की रस्त्याच्या कडेला थांबले. आणि मग घाबरले. कारण ती तीच शिट्टी आहे का, हे मला माहीत नाही. पूर्वी मी ती ऐकायचे ते बिघाड म्हणून ऐकायचे. कुठून येते, कशी घालवायची, एवढंच डोक्यात. ती कशी आहे हे मी कधी ऐकलंच नाही. गिअरवाले काका म्हणतात, एकदा काढून परत बसवलं की दात वेगळ्या जागी घासतात, आधीचा सूर तसाच लागेल याची खात्री कुणी देणार नाही.

दाराचं रबर काढलं. आता ना डबा, ना थप्प, मधलंच काहीतरी पोकळ वाजतं. रबर चिकटवायला मी कडा घासून घेतल्या होत्या. सीटवाल्याकडून काथ्या आणला, त्याला कोऱ्या दोरखंडाचा वास येतो. जुना होईल, पण त्याला वर्षं जातील. घड्याळ तेवढं टकटक करतं, अर्धा तास मागेही पडतं, ते मला नक्की जमलं.

म्हणजे मी काम पुरं केलं तर तुझी म्हातारी परत येणार नाही. तिसरीच एक गाडी तयार होईल, तिच्यासारखी. दुसरीने तुझ्याकडचं एवढं पुसलं, तर तिसरी काय करेल? राहिलंय तेही घेऊन जाईल? का त्या शिट्टीत थोडी जरी जुनी असली, तरी तेवढ्याने तुला पूल दिसेल? मी रोज यातलं एक ठरवते आणि शेडपर्यंत जाईतो दुसरं खरं वाटायला लागतं.

एक मनात येतं, गाडी पुरी करावी, एखाद्या रविवारी आणावी, तुला आत बसवावं आणि मी एक शब्द बोलू नये. दुसरं येतं, गाडी परत तुझ्या दारात कधीच आणू नये, तिचं नावही काढू नये. मग कदाचित काही महिन्यांनी माझं दार तुझ्या कानातून उतरेल आणि तुझं आपोआप परत येईल. मामी शेजारी बसून राहील, चहा होईल, आणि एक दिवस तू निघशील.

शेडचं शटर ओढून घेतलंय. पान्याला हात लावलेला नाही. बेकरीवाला विचारून गेला, म्हातारीला बरं नाही का. मी म्हटलं, तिला काही झालेलं नाही.

सुरुवातीला मी तुला विचारलं होतं आणि तू हो म्हणाला होतास, पण तेव्हा आपल्या दोघांनाही प्रश्न नीट कळला नव्हता. आता कळलाय. मला हो नको आहे, आशीर्वादही नको, चुकलं नाही असंही म्हणू नकोस. मामी, तुझंही वेगळं लिही, तू त्या सीटवर सगळ्यात जास्त बसलीयस. जे खरं वाटतं ते दोघांनी मला सांगा. आणू का मी तिला, की नको?

ठिणगी